आकडा कोणी सांगायचा?

पुण्यात जुने घर विकायला काढले की 'दोन टक्के' हे शब्द लगेच कानावर पडतात. विकणाऱ्याकडून दोन टक्के आणि घेणाऱ्याकडून दोन टक्के, असा इथला रिवाज आहे. तो कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही आणि घासाघीस केली तर दीड किंवा एक टक्क्यावरही येतो. आमचे कोथरूडचे घर शेवटी ८६ लाख रुपयांना गेले. त्यावर दोन टक्क्यांनी आमच्या बाजूची दलाली १ लाख ७२ हजार रुपये झाली असती, आणि दलाल वस्तू व सेवा कराखाली नोंदलेला असता तर १८ टक्के कर धरून ती दोन लाखांच्या थोडी वर गेली असती. ही रक्कम लहान नाही. तरीही आई, धाकटा भाऊ आणि मी अशा तिघांनी घर स्वतःच विकायचे ठरवले, त्याचे मुख्य कारण पैसे वाचवणे हे नव्हते. आमच्या घराची किंमत किती, या साध्या प्रश्नाला आम्हाला पटेल असे उत्तर कोणाकडूनच मिळत नव्हते.

सुरुवातीला आम्ही परिसरातल्या काही दलालांना घर दाखवले होते. सगळे सौजन्याने वागले. पण प्रत्येकाचा आकडा वेगळा होता. सर्वांत कमी आकडा ८२ लाखांचा होता आणि सर्वांत मोठा १ कोटी १५ लाखांचा, आणि तो कशावरून काढला असे विचारले तर "ताई, एरियाचा रेटच आहे तो" यापलीकडे काही हाती लागत नव्हते. सर्वांत मोठा आकडा सांगणाऱ्याची एक अट होती: सहा महिने घर दुसऱ्या कोणाकडे द्यायचे नाही. त्यामागचे गणित या व्यवसायातल्याच एका स्नेह्याने समजावून सांगितले. मोठा आकडा सांगून घर हाती घ्यायचे, काही महिने गिऱ्हाईक फिरकत नाही याचा मालकाला अनुभव येऊ द्यायचा, आणि मग 'मार्केट डाऊन आहे' असे म्हणत त्याला पायरीपायरीने खऱ्या भावावर उतरवायचे. सगळेच असे करत नाहीत. चांगला दलाल मालकाच्या कपाळाला आठी पडली तरी पहिल्याच भेटीत खरा आकडा सांगतो, आणि माझ्या मते त्याच्या दोन टक्क्यांतला सर्वांत मोलाचा भाग तोच असतो. जाहिरात देणे, घर दाखवणे, कागद फिरवणे ही कामे वाटून देता येतात किंवा स्वतः करता येतात. आपल्या घराची किंमत आपल्याला वाटते तेवढी नाही, हे तोंडावर सांगणारे माणूस मात्र सहज मिळत नाही. दलाल नको म्हटले की ते काम घरातल्याच कोणाला तरी अंगावर घ्यावे लागते. आमच्याकडे ते मी घेतले.

घर वडिलांनी १९९४ साली घेतले होते. पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर. लिफ्ट नाही. वडील गेल्यावर आईचे गुडघे जिन्याला उत्तर देईनासे झाले आणि भाजीची पिशवी वर नेण्यासाठीही कोणाची तरी वाट पाहण्याची वेळ आली, तेव्हा हे घर विकून लिफ्ट असलेल्या इमारतीत जरा लहान घर घ्यायचे ठरले. म्हणजे आमचे विकणे हौसेचे नव्हते आणि अडचणीचेही नव्हते. घाई नसणे हे विकणाऱ्याच्या बाजूचे मोठे बळ आहे, आणि ते होते म्हणूनच आम्ही हा मार्ग धरू शकलो, हे आधी सांगितले पाहिजे.

किमतीच्याही आधी मालकीचा प्रश्न होता. करारनामा आई आणि वडील या दोघांच्या नावावर होता. वडिलांच्या पश्चात गृहनिर्माण संस्थेने नामनिर्देशनाच्या आधारे भागप्रमाणपत्रावर एकट्या आईचे नाव लावले होते, आणि तेवढ्यावर काम झाले अशीच इमारतीतल्या बहुतेकांची समजूत होती. नामनिर्देशनामुळे संस्थेने कोणाशी व्यवहार करायचा एवढेच ठरते, मृत व्यक्तीचा हिस्सा वारसांकडेच जातो. म्हणून भावाने आणि मी आईच्या लाभात हक्कसोडपत्र करून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवले. मूळ करारनामा, त्याची सूची क्रमांक दोन (म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा एकपानी सारांश, 'इंडेक्स टू'), नोंदणीची पावती, भोगवटापत्र, मिळकतकराची चालू पावती, संस्थेचे थकबाकी नसल्याचे पत्र आणि जमिनीच्या मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर करण्याचा सरकारी आदेश, असे सगळे एका फाइलमध्ये लावून ठेवले. हे वरवर पाहता किमतीच्या विषयाबाहेरचे वाटते, पण तसे नाही. कागद अपुरा असला की गिऱ्हाईक तो भावातून वजा करते, आणि कर्ज काढून घेणारे गिऱ्हाईक तर येतच नाही, कारण त्याच्या बँकेचा वकील पहिल्याच वाचनात बोट ठेवतो.

यानंतर आकड्याचा शोध सुरू झाला. संकेतस्थळांवरच्या जाहिराती पाहून काही कळत नाही, कारण तिथे मालकांच्या अपेक्षा छापलेल्या असतात. शेजारच्या इमारतीत अमुक घर इतक्याला गेले, या बातम्यांचे तेच. खरे काय घडले ते एकाच ठिकाणी नोंदलेले असते, आणि ते ठिकाण कोणालाही विनामूल्य पाहता येते. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च नावाची सोय आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक भरला की त्या क्रमांकावर नोंदलेले दस्त एकाखाली एक येतात आणि प्रत्येकाची सूची क्रमांक दोन उघडता येते. एका पानाचा हा कागद मी इतक्या वेळा वाचला की त्याचे रकाने तोंडपाठ झाले. पहिल्यात दस्ताचा प्रकार, दुसऱ्यात मोबदला, तिसऱ्यात बाजारभाव, चौथ्यात सर्व्हे क्रमांक, इमारत आणि सदनिकेचा तपशील, पाचव्यात क्षेत्रफळ, पुढे दोन्ही पक्षकारांची नावे, दस्त केल्याची व नोंदल्याची तारीख, आणि बाराव्यात भरलेले मुद्रांक शुल्क. तिसऱ्या रकान्यातला बाजारभाव सरकारी मूल्यदर तक्त्यावरून काढलेला असतो. प्रत्यक्षात देण्याघेण्याची ठरलेली रक्कम दुसऱ्या रकान्यात असते, आणि आपल्याला हवा असतो तो दुसरा रकाना.

अर्थात हा कागदही डोळसपणे वाचावा लागतो. बहिणीने भावाला किंवा वडिलांनी मुलाला दिलेले घर बाजारातल्या किमतीचा पुरावा ठरत नाही. क्षेत्रफळ कुठे कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतले असते, कुठे बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट, आणि बहुधा चौरस मीटरमध्ये. एका चौरस मीटरला १०.७६४ चौरस फूट धरून ते बदलून घ्यावे लागते. तारीख पाहावी लागते, कारण वनाझ ते गरवारे महाविद्यालय ही मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली, ऑगस्ट २०२३ मध्ये ती पुढे दिवाणी न्यायालयापर्यंत आणि रुबी हॉलपर्यंत गेली, आणि आनंदनगर स्थानकापासून पायी अंतरावर असलेल्या घराचा २०२० मधला दस्त आजच्या भावाबद्दल फारसे बोलत नाही. अशी गाळणी लावून जे उरले त्यातले दोन दस्त मला सर्वांत उपयोगी पडले. एक आमच्याच गल्लीतले, लिफ्ट नसलेल्या इमारतीतले पहिल्या मजल्यावरचे घर होते: ६२ चौरस मीटर कार्पेट, ९१ लाख, म्हणजे चौरस फुटाला साधारण १३,६०० रुपये. दुसरे पलीकडच्या गल्लीतले, त्याच सुमाराच्या पण लिफ्ट असलेल्या इमारतीतले: ७० चौरस मीटर, १ कोटी १५ लाख, म्हणजे फुटाला १५,२०० च्या वर. बाकीचे दस्त या दोहोंच्या आसपास किंवा खाली होते. लिफ्ट नसलेला तिसरा मजला पहिल्या मजल्यापेक्षा महाग जाणार नाही, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. चौरस फुटाला १३,००० रुपये, थोडे पुढेमागे, हा आमचा भाव होता.

मग आमच्या घरात इतके दिवस एक कोटी दहा लाखांची भाषा चालली होती, ती कुठून आली? याचे बरेचसे उत्तर मोजपट्टीने दिले. करारनाम्यात ७८० चौरस फूट बिल्टअप असे लिहिलेले आहे आणि तीस वर्षे आम्ही तोच आकडा घराचा आकार म्हणून सांगत आलो. भाऊ बंगळूरहून आला होता तेव्हा आम्ही दोघांनी प्रत्येक खोली भिंतीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजली. त्याने पट्टीचे टोक धरायचे, मी वाचून वहीत लिहायचे. कपाटामागची जागा आणि मोरीच्या उंबऱ्याआतला तुकडा धरून बेरीज ६५० फुटांवर आली. कित्येक वर्षांपूर्वी काचा लावून खोलीत घेतलेली गॅलरी त्यात धरायची की नाही यावर आमचे बरेच बोलणे झाले आणि ती वेगळी दाखवायची असे ठरले. आता गणित पाहा. १३,००० हा दर कार्पेटचा आहे. तो ६५० ला लावला तर साडेचौऱ्याऐंशी लाख होतात. तोच दर ७८० ला लावला तर १ कोटी १ लाख ४० हजार. जवळजवळ १७ लाखांचा हा फरक कोणाच्या लबाडीचा नाही. एका मापाचा दर दुसऱ्या मापाच्या क्षेत्रफळाला लावल्याचा तो परिणाम आहे. पुण्यातल्या जुन्या इमारतींत घराघरांत हा फुगवटा बसलेला आहे, आणि वर्षभर जाहिरातीत पडून राहिलेल्या कितीतरी घरांचे कारण त्यात सापडेल असे मला वाटते.

राहता राहिला पुनर्विकास. कोथरूडमध्ये जुने घर विकताना हा विषय टाळता येत नाही. दर चार इमारतींपैकी एखादी पाडलेली दिसते, पत्र्यांवर नव्या इमारतीचे चित्र असते, आणि प्रत्येक संस्थेच्या सभेत कोणी ना कोणी अमुक टक्के वाढीव जागा मिळणार असे सांगत असतो. त्यामुळे विकणारा आजच्या भिंतींबरोबर उद्याच्या बारा मजल्यांचीही किंमत मागू लागतो. माझे मत स्पष्ट आहे: पुनर्विकास कोणत्या टप्प्यावर आहे त्यावरच त्याची किंमत ठरते. सहकार खात्याच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने घालून दिलेल्या रीतीप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांहून अधिक जणांची लेखी संमती, विकासकाची निवड, नोंदलेला विकसन करारनामा आणि महापालिकेची परवानगी अशा पायऱ्या असतात. विकसन करारनामा नोंदला गेला असेल तर सभासदाचा हक्क कागदावर आलेला असतो आणि त्यासाठी वाढीव पैसे मागणे रास्त आहे. आमच्या संस्थेत वास्तुविशारदाकडून प्राथमिक अहवाल मागवण्याचा ठराव झाला होता, एवढेच. त्यासाठी घेणाऱ्याकडून दहा-पंधरा लाख मागणे म्हणजे आमची आशा त्याला रोखीने विकणे झाले असते. त्याने ती आशा जरूर बाळगावी, पण तिचे पैसे आम्ही घ्यावेत असे मला वाटले नाही. भावाला हे पटायला वेळ लागला.

त्याला न पटणारी आणखी एक गोष्ट होती. वडिलांनी सुतार घरी बसवून सागवानी कपाटे करून घेतली होती, त्यांना आजही एक ओरखडा नाही. "ह्यांचे काहीच धरायचे नाही का?" असे त्याने विचारले, आणि त्याच्या आवाजात पैशांपेक्षा दुसरेच काही होते. उत्तर आईने दिले. ती म्हणाली, "अरे, घेणारा ती काढूनच टाकेल. तुला हवी असतील तर तू घेऊन जा." त्याने एक कपाट खरोखरच बंगळूरला नेले. घराची किंमत काढताना आपल्या आठवणींचे काय करायचे हा प्रश्न दलाल असता तर आमच्यापुढे आलाच नसता, कारण त्याने आपला आकडा सांगून विषय मिटवला असता. तो आम्हाला एकमेकांशी बोलून मिटवावा लागला, आणि घर सोडण्याआधी ते बोलणे झाले याचे मला बरे वाटते.

सरकारी मूल्यदर तक्ता, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात, तोही पाहिला. २०२२ नंतर सलग दोन वर्षे त्यातले दर बदललेले नव्हते, त्यात इमारतीच्या वयाची घट आणि लिफ्ट नसलेल्या वरच्या मजल्याची वजावट धरली की आमच्या घराचे सरकारी मूल्य अपेक्षित किमतीच्या बरेच खाली येत होते. तरी ते माहीत असणे आवश्यक आहे. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी मूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागते, आणि सरकारी मूल्य ठरलेल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक असेल तर विकणाऱ्याचा भांडवली नफाही त्या सरकारी मूल्यावरून मोजला जातो.

शेवटी आम्ही ८९ लाख मागायचे ठरवले. ८५ च्या खाली जायचे नाही हे तिघांनी आपसात पक्के केले, आणि घर पाहायला आलेल्या कोणासमोरही त्यावर पुन्हा चर्चा करायची नाही असेही ठरवले. हा नियम वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. घर पाहून झाले, पाणी पिऊन झाले की अनुभवी गिऱ्हाईक माझ्याकडे न वळता आईकडे वळून आपुलकीने विचारायचे, "काकू, शेवटचं किती?" आईसारख्या भिडस्त बाईला अशा प्रश्नाला नाही म्हणणे कठीण जाते. ती ठरल्याप्रमाणे "पैशांचं लेकीशी बोला" एवढेच म्हणायची आणि उठून आत जायची.

जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत आम्ही 'तिसरा मजला, लिफ्ट नाही' असे लिहिले, कार्पेट क्षेत्रफळ मोजलेले दिले, आणि पावसाळ्यात एका खोलीच्या छताला ओल येत असे व गच्चीचे जलरोधक काम संस्थेने नुकतेच केले आहे हेही लिहिले. काही परिचितांना हा अव्यवहारीपणा वाटला. त्याने फोन कमी झाले, हे खरे. पण जे आले ते जिना मनात धरूनच आले, आणि वर पोहोचल्यावर धापा टाकत भाव पाडण्याचा मार्ग त्यांना उरला नव्हता. अनोळखी माणसे घरात येणार म्हणून आई एकटी असताना घर कधीही दाखवले नाही. शनिवार-रविवारीच, मी किंवा माझे यजमान हजर असताना, नाव आणि दूरध्वनी आधी घेऊनच दाखवले. ज्येष्ठ नागरिक एकटे राहत असतील तर याला पर्याय नाही, आणि असे सोबतीला कोणी नसेल तर घर दाखवण्याचे काम विश्वासू दलालाकडे द्यावे, असेच मी सांगेन.

एक गृहस्थ आले होते, घर त्यांना मनापासून आवडले होते. ते ९२ लाख द्यायला तयार होते, म्हणजे आमच्या मागणीहूनही तीन लाख अधिक. अट अशी की त्यातले ३० लाख रोख घ्यायचे आणि दस्त ६२ चा करायचा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे आणि जितकी रक्कम घेतली तितकाच दंड होऊ शकतो, हे मी त्यांना सांगितले. ते कारण होतेच. पण माझ्या मनात आणखी एक कारण होते. गेले काही महिने मी ज्या रकान्यावर विसंबून आमच्या घराचा भाव शोधत होते, त्याच रकान्यात ६२ हा आकडा लिहिला गेला असता. आमच्यामागून त्या गल्लीत घर विकणाऱ्या किंवा घेणाऱ्या प्रत्येकाची त्याने फसगत झाली असती. आमच्या शहरात खरा भाव कोणालाच का कळत नाही, त्याचे एक मोठे कारण हे अर्धे दस्त आहेत. आम्ही त्यांना नकार दिला, आणि त्यांनीही तो राग न धरता घेतला.

ज्यांनी घर घेतले ते तरुण जोडपे होते, ती शाळेत शिक्षिका. त्यांच्याशी बोलताना मला किमतीची दुसरी बाजू कळली, जी मालकाला सहसा दिसत नाही. आपण ८९ म्हणतो, पण घेणाऱ्याच्या डोक्यात वेगळी बेरीज चाललेली असते. ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, उरलेले स्वतःचे लागतात. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, दस्त केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर सहा, आणि वर नोंदणी शुल्काचे ३० हजार. ८६ लाखांच्या घरासाठी केवळ तिच्या नावावर दस्त केला तरी त्यांना स्वतःच्या खिशातून साडेबावीस लाखांहून अधिक उभे करायचे होते, त्यात रंगकाम आणि स्थलांतर आलेच नाही. तिने आपली वही उघडून हा हिशेब माझ्यापुढे ठेवला. मीही माझे दस्त आणि मोजमापाची वही तिच्यापुढे ठेवली. पहिल्या मजल्याच्या त्या घराशी तुलना करून तिने तिसऱ्या मजल्यासाठी आणखी वजावट मागितली, ओल पुन्हा आलीच तर काय, हेही विचारले, आणि दोन्ही मुद्दे रास्त होते. ८६ वर बोलणी थांबली. बँकेच्या मूल्यांकनकर्त्यानेही तो आकडा उचलून धरला, त्यामुळे त्यांचे कर्ज अडले नाही. अवाच्या सवा भाव मान्य करणारे गिऱ्हाईक मिळाले तरी बँकेचे मूल्यांकन खाली आले की तो व्यवहार मोडतो, ही गोष्ट विकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

कागदांसाठी आम्ही वकील केले, ठरावीक शुल्कावर, टक्क्यावर नाही. यात कंजुषी करू नये. टोकन धनादेशाने घेतले, मग साठेखत, मग बँकेची रक्कम, आणि पूर्ण पैसे खात्यात आल्यावर खरेदीखत व ताबा, असा क्रम त्यांनी साठेखतात नेमका लिहिला. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्याने घेणाऱ्यांनी एक टक्का, म्हणजे ८६ हजार, आईच्या नावे उद्गम कर (टीडीएस) कापून भरला. विकणारी व्यक्ती परदेशी रहिवासी असती तर हे प्रकरण वेगळे झाले असते, कारण तिथे ५० लाखांची मर्यादा नसते आणि कपातही बरीच जास्त असते. अमेरिकेत किंवा दुबईत राहून पुण्यातले घर विकणाऱ्यांनी केवळ दलालावर विसंबून न राहता आधी कर सल्लागार गाठावा.

करांचा भाग आधीच तपासून घेतला हे चांगले झाले. घर १९९४ चे असल्याने १ एप्रिल २००१ रोजीचे त्याचे मूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येत होते, त्यासाठी शासनमान्य मूल्यांकनकर्त्याचा अहवाल घेतला. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी दोन पर्याय होते: महागाई निर्देशांक लावून नफ्यावर २० टक्के, किंवा निर्देशांक न लावता साडेबारा टक्के. निर्देशांक लावायचा म्हणजे पायाची किंमत वाढते असे सगळे सांगत होते आणि ते खरेही आहे, २०२४-२५ साठी तो ३६३ होता आणि २००१-०२ साठी १००. पण उदाहरणादाखल २००१ चे मूल्य ८ लाख धरा. निर्देशांकाने ते २९ लाख ४ हजार होते, ८६ मधून वजा जाता ५६ लाख ९६ हजारांवर २० टक्के म्हणजे ११ लाख ३९ हजार. न लावता ७८ लाखांवर साडेबारा टक्के म्हणजे पावणेदहा लाख. जुन्या घरांना नवा पर्याय स्वस्त पडू शकतो, हे आकडे मांडल्याशिवाय कळले नसते. आईने नफ्याची रक्कम दोन वर्षांच्या मुदतीत दुसऱ्या घरात गुंतवली, त्यामुळे तो करही भरावा लागला नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत दस्त नोंदला गेला. वकील, मूल्यांकनकर्ता आणि जाहिरात मिळून आमचा खर्च दलालीच्या निम्म्याहून कमी झाला, पण त्यात आमच्या वेळेची किंमत धरलेली नाही, आणि तो वेळ बराच होता. वारसांत वाद असेल, मालकीचा कागद अडलेला असेल किंवा घर लगेच विकून पैसे उभे करायचे असतील, तर हा मार्ग धरू नये. इतरांनीही दलाल ठेवावा की न ठेवावा हे नंतर ठरवावे. दोन्ही बाबतींत मोजपट्टी आणि सूची क्रमांक दोन आधी हाती घ्यावी, म्हणजे समोरचा सांगेल तो आकडा तपासता तरी येतो.

ताबा दिल्यानंतर काही आठवड्यांनी तळमजल्यावरच्या काकूंचा फोन आला. त्यांनाही मुलाकडे जायचे आहे, घर विकायचे आहे. तुमचे किती आले, असे त्यांनी जरा संकोचत विचारले, कारण आमच्या इमारतीत हा प्रश्न कोणी कोणाला सरळ विचारत नाही आणि विचारला तर सरळ उत्तर येत नाही. मी त्यांना ८६ लाख, ६५० फूट कार्पेट, सगळे धनादेशाने आणि बँकेतून, असे सांगितले, सर्व्हे क्रमांक आणि दस्ताचे वर्ष लिहून पाठवले, आणि ई-सर्चवर तो कागद कसा उघडायचा ते त्यांच्या सुनेला फोनवर समजावले. त्यांचे घर तळमजल्यावर आहे, म्हणजे जिन्याची वजावट नाही, पण समोर वाहने लागतात आणि उजेड कमी येतो. येत्या रविवारी आम्ही दोघी मिळून ते मोजणार आहोत.